तवा घरात हाये

अक्का,

कागद पाठकोरे आहेत, काळजी करू नका. आमच्या यांनी कंपनीतून आणलेले, एका बाजूला कसल्यातरी यंत्राचे तक्ते छापलेले. पोरांच्या गणितासाठी म्हणून तुम्हीच ते दाराआडच्या पिशवीत साठवून ठेवले होते. पोरं मोठी झाली, गणितं संपली, कागद राहिले. म्हटलं, आपण वापरावेत. नवी वही आणून तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही तिथूनही बोलला असता.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे गेले, दारापुढचा मांडव सोडला. घरात आता मी, हे, आणि वरच्या खोलीत तुमचा नितीन आणि त्याची पूजा. तेराव्याला आलेल्या एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "धाकटी जाऊ." तिनं मान हलवली आणि माझ्या डोळ्यांकडं जरा बघितलं, पाणी खरं आहे का खोटं, असं. जावा म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं. भांडणं आपली झालीच, नाही कशाला म्हणू. पण सव्वीस वर्षं एकाच शेगडीवर तुमच्यासोबत स्वयंपाक केला, त्या नात्याला काय म्हणतात ते मला त्या बाईला सांगता आलं नाही.

तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहिली. सात वर्षांपूर्वी नागपंचमीच्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले, ते मला परत घ्यायचं होतं. आज म्हणू, उद्या म्हणू, असं करत राहिले. तुम्ही रोज समोरच होता, त्यामुळं घाई वाटली नाही. तेव्हा मी बोलले ते खरं की खोटं हे मला नक्की माहीत नव्हतं. आता माहीत झालंय, आणि तुम्ही नाहीत.

तुम्ही गेलात तो पाण्याचा दिवस होता. आपल्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही. मी नळी धरून होते, तुम्ही ड्रमाजवळ बसून फडकं लावून पाणी गाळत होता. "सुमे, नळी वर धर, सांडायलंय," एवढं म्हणालात आणि भिंतीला टेकलात. मला वाटलं, दमल्या. मी ड्रम भरून घेतला, दुसऱ्याला नळी लावली आणि मग वळून बघितलं. किती वेळ गेला असेल, मला अजून सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच बघितलं असतं तरी काही झालं नसतं. ते त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मी ड्रम भरत राहिले, हे मात्र खरं आहे, आणि तुम्हालाही तेच आवडलं असतं, हेही खरं आहे.

भेटायला आलेले सगळे तुमच्या काटकसरीचं कौतुक करत होते. कसा संसार केला बाईनं, किती साधं राहणं, कशाचा म्हणून हव्यास नाही. मी चहा देत होते आणि ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून मला ते ऐकवेना. साधं राहणं कसलं, आपल्याला परवडत नव्हतं. मोठे भावजी औरंगपुऱ्यातल्या कापड दुकानात आयुष्यभर गाद्यांवर बसून थान उलगडत राहिले. हे शेंद्र्याला कंपनीत गेले ते कंत्राटदाराकडून, सहा महिने काम आणि दोन महिने घरी. तेवढ्यात सहा माणसं, पोरांच्या फिया, सासूबाईंचं आजारपण, भाऊबंदांची लग्नं. तुम्ही काटकसर आवडीनं करत होता असं लोकांना वाटतं. मला माहीत आहे, तुम्ही दमला होतात. दमलेलं माणूस जसं पाय उचलून टाकायचा वाचवतं, तसं तुम्ही सगळंच वाचवत होता.

महागाई आपल्याला कधी पेपरातून कळली नाही, ताटातून कळली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात करडईचं तेल होतं, घाण्यावरून डब्यानं यायचं. मग करडई गेली आणि पिशवीतलं सोयाबीनचं आलं. मग बरणीतली पळी गेली आणि तिथं चमचा आला. "पळीला लई तेल चिकटून राहतं," असं तुम्ही सांगितलंत, आणि मी इतकी नवी होते की ते खरं मानलं. तूरडाळ कडाडली त्या साली वरणात मसूर शिरली, पुढं मसूरच राहिली आणि तूर सणाला यायला लागली. टोमॅटो वर गेला की चिंच, चिंच महागली की अंबाडी. रिकामी तेलाची पिशवी तुम्ही कापून बरणीवर उलटी टांगायचात, सकाळपर्यंत तळाला चमचाभर तेल जमायचं, आणि त्या दिवशीची फोडणी फुकटात झाली म्हणून तुमचा चेहरा खुलायचा. दुधाची पिशवी विसळलेलं पाणी चहात. चहाचा चोथा दुपारी पुन्हा. तो दुपारचा चहा मला कधीच आवडला नाही, अक्का. सव्वीस वर्षं प्यायले आणि आज सांगते.

डाळ निजवायची युक्ती मात्र तुमचीच. डाळ भिजवून कुकर शेगडीवर ठेवायचा, एक शिट्टी झाली की गॅस बंद, आणि कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात. तासाभरात डाळ आतल्या आत शिजायची. "डाळ निजवली का गं?" हे आपल्या घरातलं बोलणं पाहुण्यांना कळायचं नाही. रेवती लहान असताना शाळेत बाईंना म्हणाली होती, "आमच्या घरी डाळ झोपती." बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. माझ्या या पोरीचं लग्न झालं तेव्हा तुम्ही तिला बाजूला घेऊन ही युक्ती शिकवलीत. जालन्याला तिच्या घरी दोन-दोन सिलिंडर आहेत, पण तिची डाळ अजून गोधडीतच निजते.

आणि भाकरी. त्यावर मी काय लिहू. आपली भाकरीची पद्धत दुसऱ्या कुणाच्या घरात मी बघितली नाही. तुम्ही परातीत थापायच्या, मी तव्याजवळ उभी. तुमची भाकरी थापून व्हायला आणि माझी तव्यावरची पलटायला एकच वेळ. मी ती ओंजळीत घ्यायची, तव्यावर सोडायची, पाणी फिरवायची, पलटायची, आधीची तव्याखाली आचेवर फुगायला सरकवायची. चौदा भाकऱ्या व्हायच्या, आणि त्यात तवा एकदाही मोकळा राहायचा नाही. मी आले त्या पहिल्या आठवड्यात एक भाकरी उशिरा टाकली, तर तुम्ही हात थांबवून म्हणालात, "सुमे, तवा रिकामा तापू देऊ नको. रिकामा तापला का तेवढा गॅस फुकट गेला बघ." पुढं सिलिंडर जसजसं महागत गेलं तसतसा तुमचा तो नियम कडक होत गेला. एकटी बाई भाकऱ्या करते तेव्हा एक थापून होईपर्यंत तवा नुसता जळतो, दोघी असल्या की जळत नाही, हे तुम्ही कुणालाही पटवून द्यायचात. मलाही याच एका गोष्टीवरून पटवत आलात.

कारण मला माझी चूल वेगळी हवी होती.

हे काही मी लपवलं नाही. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी बोलले होते. मला माझ्या हातानं माझ्या नवऱ्याला, माझ्या पोरीला काय आवडतं ते करून घालायचं होतं. एखाद्या दिवशी भरपूर तेलातली वांगी करायची होती. कधी काहीच करायचं नव्हतं, नुसतं चुरमुऱ्यांवर भागवायचं होतं आणि त्यावरून कुणी बघू नये असं वाटत होतं. तुम्ही ऐकून घ्यायचात, चिडायच्या नाहीत. "आत्ता नको, सुमे. पुढल्या साली बघू. दोन शेगड्या, दोन सिलिंडरं, दोन ठिकाणी तेल-मीठ. कुठून आणायचं?" पुढल्या साली यांचं काम सुटायचं, नाहीतर भावजींचं दुखणं निघायचं. पुढल्या साली तेल वाढायचं. तुमचं पुढलं साल सव्वीस वर्षं पुढंच राहिलं. मी माहेरी, पैठणला जायचे तेव्हा आई विचारायची, "झाली का गं वेगळी?" आणि मी म्हणायचे, "होणार आहे."

आता त्या साडीचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा सरळ ओळीनं मांडू द्या.

कंपनीनं यांना कायम केलं त्या दिवाळीला पहिल्यांदा बोनस हातात आला. मी यांना म्हटलं, आधी अक्कांना साडी. भावजींच्याच दुकानातून घेतली, अंजिरी रंगाची, बारीक काठाची. तुमच्यासाठी तेवढी भारी साडी घरात कुणी आणलेली नव्हती. तुम्ही ती मांडीवर घेऊन काठ बोटानं चाचपून बघितलात आणि म्हणालात, "कशाला एवढी महागाची." मग ट्रंकेत ठेवलीत. पाडव्याला नेसला नाहीत. संक्रांतीला नाही. नितीनच्या साखरपुड्याला मी मुद्दाम आठवण करून दिली, तर तीच जुनी हिरवी. मी एकदा ट्रंकेत बघितलं, तर साडी नव्हती. तिच्यासोबत आणखीही दोन-तीन बऱ्या साड्या नव्हत्या, लग्नाकार्यात आहेर आलेल्या. तुम्ही मात्र फाटलं तिथं दंड घालून शिवलेलं लुगडं नेसून फिरत होता.

मला वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. सिल्लोडला तुमचा भाऊ, त्याची कायमची ओढाताण, तीन पोरी. तुम्ही वर्षातून दोनदा तिकडं जायच्या आणि पिशवी घेऊन जायच्या. मी मनाशी पक्कं धरलं की माझी साडी सिल्लोडला गेली.

नागपंचमीला आपल्यात तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. वर्षातला तेवढाच एक दिवस आपण दोघी तव्याजवळ नसायचो. पुरणाची दिंडं उकडत होती आणि आपण नुसत्या बसलो होतो. माझे हात रिकामे होते, तोंड सुटलं. मी म्हटलं, "घरात चमचाभर तेल मोजून घालता आणि माझ्या नवऱ्याच्या घामाची साडी तुमच्या भावजयीच्या अंगावर घालता. माझ्या चुलीला पैसे नाहीत, आणि माहेर भरायला आहेत." एवढंच नाही, आणखीही बोलले. माझं आयुष्य तुमच्या चमच्यात गेलं, असंही म्हणाले.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग पातेल्याचं झाकण नीट बसवत म्हणालात, "व्हय, दिली."

एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही रडाल, नाहीतर भांडाल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परातीत पीठ घेतलंत, मी तवा ठेवला. भाकरीला बोलावं लागत नाही. आठ-दहा दिवस आपण न बोलता चौदा-चौदा भाकऱ्या केल्या आणि तवा एकदाही मोकळा राहिला नाही. मग कधीतरी तुम्ही म्हणालात, "मीठ कमी पडलं का गं काल?" आणि बोलणं सुरू झालं. साडीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी मनात ठेवला, तुम्ही पोटात घातला. पुढं मोठे भावजी गेले तेव्हा मी तुमचा हात धरून बसले होते, त्या वेळी तोंडाशी आलं होतं. पण तेव्हा साडीचं काय बोलायचं, असं वाटलं.

दहाव्याला सिल्लोडच्या तुमच्या भावजय आल्या. मी चोरून त्यांच्या अंगावर बघत होते, हे लिहायची लाज वाटते. सुताची विटकी साडी होती. रडत रडत त्या मला म्हणाल्या, "वन्सं यायच्या तर पिशवीत काय आणायच्या सांगू? आमच्याकडची अंबाडी न्यायला रिकामी पिशवी आणायच्या. मला कधी चोळीचा खण दिला नाय बघा त्यांनी. म्हणायच्या, मलाच नाय तर तुला कुठून देऊ. पण माझ्या तिन्ही पोरींची बाळंतपणं स्वतः येऊन केली." मी त्यांना चहा दिला.

तरी मी म्हटलं, असेल काही. दुसऱ्या कुणाला दिल्या असतील.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा खाली आली. भाजी निवडायला बसली, आणि बराच वेळ एकच देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "काकू, रागावणार नसाल तर एक बोलू? यांची शिफ्ट बदलत राहती. रात्रपाळी असली की सकाळी जेवायला मागतात, कधी दुपारी. वरच्या खोलीत एक छोटी शेगडी ठेवली तर चालेल का? वेगळं व्हायचं म्हणून नाही." तिच्या कपाळावर घाम आला होता. वेगळं व्हायचं म्हणूनच होतं ते, मला कळत होतं. मीही असंच काहीतरी निमित्त काढून बोलले होते, चोवीस वर्षांपूर्वी.

आणि मी काय म्हणाले असेन, अक्का? मी म्हणाले, "आत्ता नको, पूजा. सिलिंडर कुठं गेलंय बघतीयस ना. पुढल्या साली बघू."

माझ्याच तोंडून निघालं. आवाजसुद्धा तुमचाच लागला. पूजा "बरं" म्हणाली आणि भाजी घेऊन उठली.

तेराव्यासाठी काढलेलं मोठं पातेलं परत माळ्यावर ठेवायचं होतं. दुपारी स्टूल घेऊन चढले. तुमच्याशिवाय माळ्यावर कुणी चढत नव्हतं, "तुझं डोकं फिरतं वर, तू नको" म्हणून तुम्ही मला चढू द्यायच्या नाहीत. मला कधी चक्कर आल्याचं मला तरी आठवत नाही. मागच्या बाजूला, जुन्या गादीआड, एक गाठोडं होतं. माझ्याच फाटक्या साडीत बांधलेलं. ओढलं तर वाजलं.

खाली आणून सोडलं. स्टीलचे डबे, एकात एक घातलेले. तीन पातेली, झाकणांसकट. दोन ताटं, चार वाट्या. पळी, झारा, चहाची गाळणी, किसणी. एक मोठी परात. सगळं कोरं, अंगावर माळ्याची धूळ. मी एक डबा पुसला, तर त्यावर नाव घातलेलं होतं. गुलमंडीकडं भांड्याच्या दुकानात यंत्रानं घालून देतात तसं. नाव म्हणजे नुसतं एक अक्षर, 'सु'. पातेल्यावर 'सु'. वाटीवर 'सु'. अक्षरागणिक पैसे घेतात, म्हणून तुम्ही माझं नाव एका अक्षरात उरकलं होतं. मी जमिनीवर बसून हसले, आणि मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. फक्त परातीवर पूर्ण नाव होतं. सौ. सुमन.

एका लहान संसाराला लागतं ते सगळं त्यात होतं. फक्त तवा नव्हता. मी दोनदा बघितलं. पुन्हा माळ्यावर चढून गादीआड हात घालून बघितलं. तवा नव्हता.

पुढं उलगडा केला तो भांडेवालीनं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, डोक्यावर टोपली घेऊन आपल्या गल्लीत मंगळवारी ओरडत जाणारी. मी घरात नसताना, मी मंगळवारी दळणाला जायचे तेव्हा, तुम्ही तिला ओट्यावर बसवायच्या हे मला कुठं माहीत होतं. परवाच्या मंगळवारी मी दळणाला गेले नाही. ती दारात उभी राहिली. "बडी बाई किधर हैं? बहोत दिन से दिखी नै." मी सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. मग मी तिला गाठोडं दाखवलं. ती एकेक भांडं ओळखत गेली. हा डबा पँटींवर, हे पातेलं चादरींवर. परातीवर हात ठेवून म्हणाली, "ये नई साडी पे ली थी. अंजिरी थी. घडी भी नै मोडी थी. मैं बोली, बाई, पछताओगी, नई साडी कोई देता क्या. तो बोली, तू परात दे, मोठी दे, तिला थापायला लागंल."

मी विचारलं, "तवा नाही दिलास?"

"लोहे का तवा रखती मैं. दो-तीन बार बोली, लेव. वो बोली, तवा नको. तवा घरात हाये."

ती गेल्यावर मी ओट्यावरच बसून राहिले. अक्का, माझी साडी माझ्यासाठीच गेली. तुम्ही माझी चूल मांडत होता. जुन्या पँटी, फाटक्या चादरी, तुमच्या अंगावरच्या बऱ्या साड्या, सगळं एकेक करून माझ्या नावाच्या एका अक्षराखाली जमा करत होता आणि मला म्हणत होता, पुढल्या साली. आधी सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी चूल मांडली असती, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि नागपंचमीला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. माळ्याकडं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, व्हय, दिली. भावजयीला दिल्याचा खोटा आळ अंगावर घेतलात, पण गाठोडं सोडलं नाहीत.

माझं चुकलं, अक्का. मी तुम्हाला चोर ठरवलं. तेही अशा बाईला, जी स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन "अजून दिसतंय की" म्हणून चार वर्षं ढकलत राहिली. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. आता कागदाच्या पाठीवर म्हणते आहे.

राग मात्र अजून आहे, तोही सांगते. मला परात नको होती. तुम्ही ती साडी एकदा नेसून माझ्यासमोर उभ्या राहायला हव्या होत्या. आपल्या घरात सगळं पुढल्यासाठी ठेवलं आणि आत्ताचं कुणी वापरलंच नाही. तुमच्या त्या वाचवण्यानं घर तरलं, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही त्यात स्वतःला इतकं वाचवून ठेवलंत की आमच्या वाट्याला फार थोड्या आलात.

आणि तवा. त्यावर मी दोन दिवस विचार करतेय. तवा काय असा महाग असतो? तवा घरात हाये, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मनात काय होतं? एक तवा असताना दुसरा कशाला, एवढंच? की चूल वेगळी झाली तरी सुमी भाकरीला खाली येईल, तुम्ही थापाल आणि मी भाजीन, असं? दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर माया कुठली आणि काटकसर कुठली हे मी सांगितलं असतं. तुमच्यात ती दोन्ही कधी वेगळी झालीच नाहीत.

काल मी गाठोडं वर नेऊन पूजाच्या पुढ्यात ठेवलं. तिनं डबा उचलला, अक्षर बघितलं. "काकू, यावर तुमचं नाव आहे."

"असू दे. खोडायला पैसे पडतात."

ती हसली, मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाही. मी तिला सांगितलं, शेगडी नितीनला आणायला सांग, पुढल्या साली नाही, याच आठवड्यात. परात तेवढी मी ठेवून घेतली. आणि संध्याकाळी शहागंजात जाऊन एक लोखंडी तवा आणून तिला दिला. तुम्ही जे राखलं होतं ते मी मोडलं असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. तिला चोवीस वर्षं भाजी निवडत बसवायची माझ्यात ताकद नाही. शेगडी आजच आली. पूजा वर गेली.

आज संध्याकाळी पहिल्यांदा मी एकटीनं भाकऱ्या केल्या. दोघांपुरत्या चारच करायच्या होत्या. तुमची परात घेतली, माझ्या नावाची. पहिली थापून तव्यावर टाकली, भाजली, आचेवर फुगवून काढली. दुसरीला पिठाचा गोळा घेतला, आणि तेव्हा लक्षात आलं की तवा मोकळा आहे. हात पिठात होते, तवा तापत होता, त्यावरून बारीक धूर निघायला लागला. वरच्या खोलीतही पूजाचा नवा तवा असाच मोकळा तापत असणार. सवयीनं माझा हात गॅसच्या बटणाकडं गेला.

मग मी हात मागं घेतला. भाकरी सावकाश थापली, तुमच्यासारखी, कडेनं बोटं फिरवत. गॅस बारीक केला नाही, अक्का. तेवढा तुमच्या नावानं जळू दिला.